क्रॉस का गेला?

रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडला की पिकअपच्या पोटाखालून ‘टक्’ असा आवाज येतो. गल्लीतून गाडी हळू चालली असली की चिमणी चिवचिवावी तशी बारीक किरकिर ऐकू येते. भरल्या गाडीनं पन्नास-साठचा वेग धरला की सीटखालचा पत्रा थरथरायला लागतो. ही लक्षणं आमच्या बोरगावात कुणापुढंही सांगा, चहाच्या गाड्यावरचा पोरगासुद्धा म्हणेल, ‘शाफ्टचा क्रॉस गेलाय.’ तासाभरात नवा क्रॉस बसतो आणि गाडी इचलकरंजीच्या वाटेला लागते. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तोच आवाज, पुन्हा नवा क्रॉस. तो कशानं गेला हे कुणी विचारत नाही, कारण थांबायला वेळ नसतो आणि क्रॉस काही फार महागही नसतो.

आमच्या लहानपणी हे विचारल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर पडत नसे.

ज्यांनी कधी गाडीखाली डोकावलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. पिकअपचं इंजिन पुढं आणि ओढणारी चाकं मागं. गिअरबॉक्स चासीला घट्ट बांधलेला, तर मागच्या अ‍ॅक्सलचं हाउसिंग स्प्रिंगच्या पाट्यांवर टेकलेलं; खड्डा आला की ते वर-खाली होणारच. या दोघांना जोडणारी लांब नळी म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट. तो फिरत राहिला पाहिजे आणि कोन बदलला तरी अडता कामा नये. म्हणून त्याच्या टोकांना अधिकच्या चिन्हाच्या आकाराचा पोलादी तुकडा बसवतात, तो क्रॉस. त्याच्या चार दांड्यांवर चार कप आणि प्रत्येक कपात बारीक रोलरची रांग. गॅरेजात त्यांना सुया म्हणतात. गाडी साठच्या वेगात असेल तेव्हा हा शाफ्ट मिनिटाला 2000 च्या आसपास फेरे घेतो. पहिल्या गिअरला वेग कमी असतो, पण इंजिनाचा जोर चौपट-पाचपट होऊन याच दांड्यांवर येतो. उसाच्या सरीतून भरलेली गाडी हिसका देऊन काढतात तेव्हा सगळा मार हा क्रॉस खातो.

कल्पना जुनी आहे. युरोपात हा सांधा सोळाव्या शतकातल्या कार्दानो या इटालियन विद्वानाच्या नावानं ओळखला जातो. सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हूकनं त्याच्या फिरण्याचा अभ्यास केला. 1904 मध्ये अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसरनं मोटारींसाठी तो बनवायला सुरुवात केली आणि मोटारीच्या चाकांची सायकलसारखी साखळी हळूहळू गेली. आपल्याकडं 1947 पासून मुंबईत महिंद्राच्या कारखान्यात विलिज जीप जुळवल्या जाऊ लागल्या, आणि त्या जीपबरोबर हा क्रॉस आमच्या दूधगंगेच्या काठापर्यंत पोचला.

आमच्या भागात पिकअप यायच्या आधी जीपच पिकअपचं काम करायची. मागं ट्रेलर जोडायचा, त्यात तंबाखूचे बोद रचायचे आणि निपाणीच्या वखारीला लावायचे. कधी गुळाचे रवे कोल्हापूरच्या बाजाराला, कधी सायझिंगची बिमं इचलकरंजीहून मागाच्या शेडला. 1986 मध्ये टाटाची 407 आली तेव्हा गावातल्या ज्याच्या दारात ती उभी राहिली त्याच्याकडं लोक जरा वेगळ्या नजरेनं बघायचे. राहायचं कर्नाटकात, बाजार महाराष्ट्रात, लेथचं काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात, अशी आमची रीत. गाडीचा एखादा तुकडा हवा असला की कोल्हापूरला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती जुना नमुना द्यायचा आणि संध्याकाळच्या एसटीची वाट बघत थांबायचं. सुटा भाग मिळायला असा दिवस जायचा. त्या दिवसाचा मिस्त्री उपयोग करायचे.

आमच्या मिस्त्रींनी कुठं शिक्षण घेतलं नव्हतं. विहिरीवरची ऑइल इंजिनं उघडत-जोडत ते शिकले आणि मग जीपखाली शिरले. क्रॉस काढला की तो कचऱ्यात टाकायचा नाही, हा त्यांचा नियम. डिझेलमध्ये धुवायचा, फडक्यानं पुसायचा आणि उन्हात धरून चारही दांड्या बघायच्या. मग आम्हा पोरांना बोलवायचे.

“ह्यो बग. हिकडच्या अंगाला सुयांच्या रेघा उठल्यात, तिकडची बाजू कोरी हाय. म्हंजे वझं लई घातलंय, न्हाईतर क्लच झटक्यात सोडायची सवय हाय ड्रायव्हरला.”

दुसऱ्या क्रॉसवर लाल भुकटी असायची. ती गंजाची. म्हणजे सील फाटलं, आत पाणी गेलं, ग्रीस वाहून गेलं. तिसऱ्याची दांडी निळसर काळी पडलेली असायची. ग्रीस पोचलंच नाही म्हणून ती तापून जळाली. आणि एखाद्याच्या दांडीचं नुसतं टोक खरवडलेलं असायचं. त्याला ते सगळ्यात जास्त वेळ द्यायचे. टोक खाल्लं म्हणजे शाफ्टला लांबीत सरकायला मोकळीक मिळत नाही, स्प्लाइन (शाफ्टचा दातेरी सरकता जोड) कोरडी पडून अडकली आहे. नाहीतर शाफ्टचा कोन बिघडला आहे. नवा क्रॉस घातला तरी त्याचं टोकही तसंच खाल्लं जाणार.

पुढं कधीतरी यंत्रशास्त्राचं पुस्तक चाळताना कळलं की क्रॉसच्या बिघाडाचे हेच प्रकार तिथंही दिलेले असतात: जादा भारानं उमटलेल्या रेघा, पाण्यानं आलेला गंज, वंगणाअभावी जळणं, टोक खरवडणं. मिस्त्रींकडं पुस्तक नव्हतं, डालड्याच्या डब्यात साठवलेले जुने क्रॉस होते.

ग्रीसिंगचंही एक वेळापत्रक होतं आणि ते कंपनीच्या पुस्तिकेत छापलेलं नव्हतं. आमच्या भागात अमावास्येला गाडी कामाला काढत नसत. सकाळी धुवायची, चाकांना हळद-कुंकू, पुढं लिंबू-मिरची, एक नारळ. पण त्याआधी गाडीखाली पोतं अंथरून एकजण शिरायचा आणि प्रत्येक निपलाला ग्रीस गन लावायचा. ग्रीस दाबत राहायचं, चारही कपांतून जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. तीन कपांतून आलं आणि चौथ्यातून आलं नाही तर ते काम अपुरं. मग शाफ्ट थोडा फिरवून, कप हलका ठोकून पुन्हा दाबायचं. असं महिन्यातून एकदा घरातला माणूस गाडीच्या पोटाखाली जायचा. गळती, ढिला बोल्ट, तुटका पाटा, फाटलेलं रबर, सगळं त्याच्या नजरेखालून जायचं. ग्रीस हे निमित्त, खरी होती ती तपासणी.

आता अमावास्येची पूजा आहे, उलट दणक्यात आहे. हार मोठा झाला, फोटो मोबाइलवर जातो. गाडीखाली मात्र कुणी शिरत नाही. बऱ्याच नव्या गाड्यांच्या क्रॉसला निपलच नसतो. कारखान्यातच आत ग्रीस भरून सील केलेलं असतं, देखभाल लागत नाही असं सांगतात. ठरलेला भार आणि बरा रस्ता असेल तर ते खरंही आहे. पण आमच्या पिकअपचा ठरलेला भार कागदावर राहतो. दीड टनाच्या गाडीत अडीच टन माल चढतो, आणि रस्ता म्हणाल तर पावसाळ्यात शेताच्या वाटेवर चाकं अर्धी चिखलात असतात.

पाण्याचं तर विचारू नका. 2005 चा पूर आम्ही ‘असा पुन्हा होणे नाही’ म्हणून सांगत होतो. मग 2019 आला, 2021 आला. कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड हे पूल पाण्याखाली जाणं आता दर पावसाळ्यातली बातमी झाली आहे. पुराच्या पाण्यात गाडी उभी राहिली की लोक इंजिन बघतात, ऑइल बदलतात, सीटा वाळवतात. शाफ्टचा क्रॉस कुणाच्या ध्यानात येत नाही. निपलवाल्या क्रॉसमध्ये नवं ग्रीस दाबून पाणी बाहेर काढता यायचं. सीलबंद क्रॉसमध्ये एकदा पाणी शिरलं की बाहेर यायला वाट नाही. आत गंज धरतो आणि दिवाळीच्या सुमारास, नेमका उसाचा हंगाम सुरू होताना, आवाज सुरू होतो.

माझ्या पुतण्याच्या पिकअपचं असंच झालं होतं. इचलकरंजीहून बिमं आणायची, कधी सूत, आणि हंगामात मिळेल ते भाडं. 2005 मध्ये टाटा एस आल्यापासून आणि मग मोठ्या पिकअप रस्त्यावर आल्यापासून आमच्या भागातल्या अनेक पोरांचा हा धंदा झाला आहे. पुतण्याच्या गाडीचा मागचा क्रॉस सारखा जायचा. दर वेळी वेगळं कारण सांगितलं जायचं: माल डुप्लिकेट होता, या लॉटमध्येच खोट होती, तू गाडी नीट चालवत नाहीस. महागातला क्रॉस घातला, तोही गेला. शेवटी माझ्या आग्रहानं आम्ही ती गाडी आमच्या जुन्या मिस्त्रींकडं नेली. त्यांनी काम सोडून बरीच वर्षं झाली होती. दृष्टी अधू, गुडघे गेलेले. ते गाडीखाली गेले नाहीत. आधी म्हणाले, “काढलेला क्रॉस कुटं हाय?” तो कुणी ठेवलाच नव्हता. मग त्यावेळी गाडीला असलेलाच काढायला लावला. दांडीचं टोक खरवडलेलं होतं.

पुढची तपासणी त्यांनी खुर्चीत बसून पुतण्याकडून करून घेतली. पुढच्या चाकांना दगड लावले, गाडी न्यूट्रल केली, हँडब्रेक सोडला. शाफ्ट एका हातानं धरून दुसऱ्या हातानं त्याच्या पुढचा योक (क्रॉस धरणारा काटा) उलट पिळून बघायचा; तिथं खेळ असेल तर तो क्रॉसचा. स्प्लाइन असलेल्या भागात खेळ असेल तर तो वेगळा, आणि हाउसिंगच्या आतल्या गिअरचा खेळ आणखी वेगळा. लांब चासीच्या पिकअपला शाफ्टचे दोन तुकडे असतात, मधे त्यांना आधार देणारं सेंटर बेअरिंग आणि क्रॉस तीन. म्हणून सेंटर बेअरिंगपाशी टॉमी (लोखंडी पहार) लावून शाफ्ट वर उचलून बघायचा. गिअरबॉक्सखालच्या रबराच्या माउंटिंगलाही टॉमी लावायचा. हे सगळं बघून झाल्यावर म्हणाले, “आता मागचे पाटे मोज.”

पाटे जास्त निघाले. जादा वजनासाठी कुणीतरी दोन पाटे वाढवले होते. माल भरलेला असताना गाडी सरळ दिसायची. रिकामी असली की मागून घोडा उधळल्यागत उंच. मागचं हाउसिंग खाली लोंबायचं आणि शाफ्टचा कोन तिरका व्हायचा. वर गिअरबॉक्सचं माउंटिंग एका बाजूनं बसलेलं, म्हणजे पुढचं टोकही आपल्या जागी नाही. इचलकरंजीला जाताना गाडी बहुधा रिकामी, आणि रिकाम्या रस्त्यावर वेग जास्त.

यात साधं गणित आहे. एका क्रॉसमधून फिरणं तिरक्या कोनात गेलं की पुढचा भाग एकसारख्या वेगानं फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा तो मागं-पुढं होतो. कोन 10 अंशांचा असेल तर फरक दोन्ही बाजूंना साधारण दीड टक्क्याचा, चालून जातो. कोन 30 अंशांवर गेला तर वेग कधी 13 टक्क्यांनी कमी, कधी 15 टक्क्यांनी जास्त. म्हणून दोन टोकांना दोन क्रॉस लावतात, की पहिल्यानं केलेली चूक दुसऱ्यानं भरून काढावी. त्यासाठी दोन्ही कोन सारखे हवेत आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत. माउंटिंग बसलं, पाटे वाढले की पहिली अट मोडते. शाफ्ट उघडताना खूण न करता स्प्लाइनचा एक दात पुढं-मागं बसवला की दुसरी मोडते. मिस्त्रींना टक्केवारी ठाऊक नव्हती. शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही भागांवर पंचानं खूण करायची आणि जोडताना खुणेला खूण लावायची, हे मात्र त्यांनी हाताखालच्या प्रत्येक पोराला मारून-मुटकून शिकवलं होतं. कारखान्यातून येणाऱ्या शाफ्टवरही यासाठीच बाणांच्या खुणा असतात. रंगाखाली दबलेल्या असतात, घासून शोधाव्या लागतात.

पुतण्याच्या गाडीला नवं माउंटिंग लावलं. जादा पाटे काढले. स्प्लाइन धुऊन ग्रीस भरलं. शाफ्टवरची बॅलन्सची पट्टी केव्हातरी निघून गेली होती, म्हणून तो कोल्हापूरला नेऊन बॅलन्स करून आणला. क्रॉस निपलवाला घातला, साधाच. पाटे काढल्यामुळं माल कमी भरावा लागतो, याची पुतण्याची कुरकुर अजून चालू आहे. क्रॉस मात्र त्यानंतर टिकला.

आता कुणी म्हणेल, म्हाताऱ्यांना जुनं ते सोनं वाटतंच. तसं नाही. त्या गॅरेजांत दहा-बारा वर्षांची पोरं शाळा सोडून राबायची, डिझेलनं हात धुवायची आणि मजुरी म्हणून चहा-पाव मिळायचा. जॅक दगडावर टेकवून माणसं गाडीखाली शिरायची. काहीजणांच्या छातीवर गाडी आली. क्रॉस हातोड्यानं ठोकून बसवायचे. ठोकताना एखादी सुई आडवी पडून कपाच्या तळाशी जायची, मग कप अडवणारी सर्क्लिप खाचेत बसायची नाही, आणि घाईतला कारागीर आणखी जोरात ठोकायचा. तसा बसवलेला क्रॉस महिनाभरही टिकत नसे. शाफ्टचं पुढचं टोक चालत्या गाडीत तुटलं तर ते रस्त्यात रुतून गाडी उलटण्याचा धोका; तवंदी घाटात भरल्या गाडीला असं झालं तर काय, या विचारानं जुने ड्रायव्हर घाटाच्या पायथ्याशी उतरून एकदा खाली बघून घ्यायचे. ती भीती होती, शहाणपणाचं कौतुक नको.

आज कप दाबायला प्रेस आहे, सील चांगली आहेत, पोलाद चांगलं आहे. चौपदरी झालेल्या पुणे-बंगळूर रस्त्यावर गाडीला हिसके कमी बसतात. सुटा भाग दुपारी सांगितला तर संध्याकाळी दारात येतो. निपाणी-इचलकरंजीच्या गॅरेजांतली आजची पोरं हुशार आहेत; स्कॅनर लावून इंजिनाचा बिघाड मिनिटात सांगतात. पण शाफ्टला वायर नसते. क्रॉसची दांडी अजून डोळ्यांनीच बघावी लागते आणि खेळ हातानंच जोखावा लागतो. भाग सहज मिळू लागला तसा मधला दिवस संपला, आणि त्या दिवसात होणारा विचारही गेला. मजुरीही क्रॉस बदलण्याची मिळते, कारण शोधण्याची मिळत नाही. पुतण्याची गाडी बघितली त्या दुपारचे पैसे आम्ही मिस्त्रींना देऊ लागलो तर ते म्हणाले, “काय केलंय म्या? नुस्तं बगितलं.” आपण गिऱ्हाइकंही तसंच समजतो. पाना न फिरवता कुणी तासभर गाडी बघत बसला तर त्याला पैसे द्यायला आपल्याला जड जातं, आणि चौथा क्रॉस घ्यायला जड जात नाही.

गंमत अशी की हाच क्रॉस आता शेतकऱ्यांच्या घराघरात आहे. ट्रॅक्टरच्या मागं रोटाव्हेटर फिरवणाऱ्या शाफ्टला दोन्ही बाजूंना तेच असतात, मिनिटाला 540 फेरे घेणारे. तिथं रोज ग्रीस दिलं नाही तर काय होतं हे आमच्या शेतकऱ्यांना पक्कं माहीत आहे, कारण मशागत अडली की नुकसान लगेच दिसतं. तोच माणूस पिकअपच्या शाफ्टकडं वर्षभर बघत नाही.

म्हणून पिकअपवाल्या सगळ्या पोरांना एवढंच सांगणं आहे. पहिला क्रॉस गेला तर बदला, झीज कुणाला चुकत नाही. त्याच जागचा दुसरा लवकर गेला तर तिसरा विकत घ्यायच्या आधी काढलेला क्रॉस मागून घ्या आणि त्याच्या दांड्या बघा. रेघा असतील तर भार आणि क्लचची सवय तपासा. गंज असेल तर सील आणि पाणी. दांडी निळी असेल तर ग्रीस. टोक खाल्लं असेल तर माउंटिंग, पाटे, सेंटर बेअरिंग, स्प्लाइन आणि शाफ्टवरच्या खुणा. क्रॉस बदलल्याची तारीख आणि किलोमीटर केबिनच्या दाराच्या आत रंगानं लिहून ठेवा. कारण शोधून देणारा मिस्त्री भेटला तर त्याच्या बघण्याचेही पैसे द्या. आणि येत्या अमावास्येला नारळ फोडायच्या आधी चाकांना दगड लावून एकदा गाडीखाली जा, शाफ्ट हातानं हलवून बघा. निपल असेल तर चारही कपांतून येईपर्यंत ग्रीस द्या.